मोहाच्या झाडावरची खाट

नागपूर

आधीच सांगून टाकते, आम्ही दोघंही सुखरूप परत आलो. हाडं जागच्या जागी आहेत. प्रवासाचं लिहिणारे शेवटपर्यंत दडवून ठेवतात आणि वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावतात. मला तसलं जमत नाही. माझा स्वतःचाच जीव इतका टांगला होता की दुसऱ्याचा टांगायची हौस उरली नाही.

आमच्या ह्यांना धनुष्यबाणाचं वेड. शाळेत ड्रिल मास्तर आहेत. बंदूक घेऊन जंगलात जाणारे नागपुरात पैशाला पासरी, पण ह्यांचं म्हणणं असं की बंदूक म्हणजे आळशाचं काम. खरा गडी बाण मारतो! धनुष्यही विकतचं नाही, स्वतः बांबू तासून केलेलं. उभं केलं तर माझ्या कपाळाला लागतं. मागच्या उन्हाळ्यात रानडुकराची वाट बघत एका फांदीवर नुसते बसले, डुलकी लागली आणि पिकल्या फळासारखे खाली आले. खांद्याजवळचं हाड मोडलं. पार पोळ्यापर्यंत हात गळ्यात. मी घास भरवायची आणि हे घास चावता चावता मला सांगायचे, बाण सोडताना श्वास कसा धरायचा ते. मी म्हणायची, "श्वास राहू द्या, आधी तोल धरा."

यंदा मोहाचे दिवस आले तसं पुन्हा सुरू झालं. सरकारी जंगलाचा परवाना काढून आणला. रानडुकराचा. खात्यातला कारकून म्हणे हसला, "गुरुजी, बानानं मारा का धोंड्यानं मारा, परवाना तोच." नियम मात्र बजावून सांगितले. झाडाला खिळा ठोकायचा नाही, फांदी तोडायची नाही, आणि मचाण बांधलं तर काम झाल्यावर सोडून घेऊन जायचं. जंगल सगळ्यांचं आहे, तुमच्या एकट्याचं नाही.

म्हणजे मचाण न्यायचं-आणायचं पाहिजे. मी तिथंच मनाशी पक्कं केलं. म्हटलं, "जायचं तर खुशाल जा. पण मचाण मी निवडीन. आणि मीही येईन."

"तू कायले वं?" हे म्हणाले. "जंगल हाय ते, हळदीकुंकू नाही."

"मागच्या खेपेला तुम्ही एकटे गेलेत, पाव्हण्यासारखे खाटेवर परत आलात. आता मी संगत येईन."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेऊन जा गा तिले. ती असन तं तू झोपनार नाही." सासूबाईंनी माझी बाजू घेतली असे प्रसंग मी बोटावर मोजू शकते, त्यातला हा एक.

लकडगंज

ह्यांच्याबरोबर भांडी आणायला गेले असते तर एवढं हिंडावं लागलं नसतं. पण मचाण हा मिळणारा जिन्नसच नाही. आधी एका लोहाराकडे गेलो. त्यानं लोखंडी पट्ट्यांची घडीची खुर्ची करून दाखवली, साखळीनं झाडाला बांधायची. दिसायला झकास. पण बसलं की किर्र आणि उठलं की खण्ण. म्हटलं, अख्ख्या जंगलाला वर्दी द्यायची असेल तर हिला नेऊ. शिवाय इतकी जड की नाकापेक्षा मोती जड. ह्यांना ती फार आवडली होती, म्हणून मी जास्तच नावं ठेवली.

मग एका मित्राची दोरीची झोळी पाहिली. हलकी, घडी केली तर पिशवीत मावेल अशी. हे तिच्यात बसले आणि गुडघे हनुवटीला लागले. तोंडात फक्त चोखणं द्यायचं राहिलं होतं. ते स्वतःच उतरले.

शेवटी लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या रांगेत, एक मिस्त्री भेटला. बडबड्या माणूस. "बाईसाब, हम तो राजा लोगों का मचान बनाया," असं सांगे. कोणते राजे विचारलं की म्हणे, "अब राजा कहां रहे?" पण हाताला काम होतं. त्याला मी माझ्या डोक्यातलं सांगितलं. लहानसं खाटोलं पाहिजे, सागवानी चौकट, वर नवार विणलेली. पाय नकोत. मधोमध बिजागऱ्या, म्हणजे घडी करून खांद्यावर टाकता येईल. चार कोपऱ्यांना दोर ओवायला भोकं. दोघांना बसता आलं पाहिजे, एक पुढं, एक मागं.

आणि समोर आडवा दांडा.

"दांडा कशाला?" हे म्हणाले.

जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलं की पुढून एक दांडा अडकवतात की नाही? तो अडकवला की मला कितीही उंच न्या, भीती वाटत नाही. तसा. पोटाच्या वर, छातीच्या खाली. शिवाय कमरेला पट्टा. शाळेतला जुना परेडचा पट्टा मी त्यासाठी मागून आणला आणि चौकटीजवळच्या नवारीला शिवून टाकला. हे म्हणाले, "माणूस बसवून राहिली का मूल?" उत्तर मिस्त्रीनं दिलं: "गुरुजी, हड्डी का तो भाव नहीं मिलता बजार में." तो माणूस मला त्या दिवसापासून आवडायला लागला.

खाटोलं घरी आलं तेव्हा आळीत जत्रा भरली. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला हातभर उंचीवर बांधलं. आधी हे बसले. मग हे आणि मी. मग समोरच्या कुसुमताई बसल्या, त्यांच्या वजनाला आमच्या दोघांचं एकत्र वजनही पुरत नाही, आणि दोर हूं की चूं बोलला नाही. सासूबाईंनी तर त्यावर बसून डाळ निवडली. दांडा हलवून पाहिला, पट्टा ओढून पाहिला. काडीचा आवाज नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारणींना चहा पाजला.

एक तेवढं राहिलं. धनुष्य ताणून कोणी पाहिलं नाही. सासूबाईंचा घरात दंडक आहे, दसऱ्याच्या पूजेशिवाय धनुष्याला दोरी चढवायची नाही, अंगणातसुद्धा नाही. ते भिंतीवर गवसणीतच राहिलं. आणि खरं सांगायचं तर कोणाच्या मनातच आलं नाही. आम्ही सगळे हाडं कशी वाचतील ते पाहत होतो.

कन्हानचा पूल आणि पुढे

एस.टी.च्या टपावर खाटोलं चढवताना पहिली अडचण आली. कंडक्टरनं घडी पाहिली, पट्टा पाहिला, आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, "पेशंट कुठी हाय?"

"पेशंट नाही, मचाण आहे," मी म्हटलं.

"हौ, हौ," तो म्हणाला, आणि अशा नजरेनं आमच्याकडे पाहिलं, जणू दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. त्यानं आम्हाला पुढची चांगली जागा दिली. कामठी मागं पडली, कन्हानच्या पुलावर गाडी थांबून थांबून गेली, नदीत पाणी कमी आणि टरबुजांच्या वाड्या जास्त. शेजारच्या म्हातारबुवांनी कुजबुजत विचारलं, "घरचंच मानूस का?" हे धनुष्याची गवसणी मांडीवर धरून बसले होते. म्हणाले, "नाही बाप्पा, डुक्कर." म्हातारबुवा देवलापारपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

रामटेकचा डोंगर उजवीकडं गेला की हवा बदलते. नागपुरात उन्हाळा म्हणजे नुसतं भाजणं. इथं त्या भाजण्यात एक वास मिसळलेला. गोड, जड, आंबूस, कोणी गूळ आणि मनुका एकत्र भिजत घालून विसरून गेलं आहे असा. हे खोल श्वास घेऊन म्हणाले, "मोह." मी आधी पदर नाकाला लावला आणि थोड्या वेळानं काढला. सवय झाली की तो वास सोडवत नाही.

गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. देवलापारपासून बैलगाडीनं आत गेलो. तिथं तुळशीराम म्हणून एक शेतकरी, नागपूरला चारोळी विकायला येतो तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला असतो, त्याच्याकडे उतरलो. त्याच्या बायकोनं, सीताबाईनं, पळसाच्या पानांवर जेवायला वाढलं. भात, तुरीचं पातळ वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. वर मोहाची गोड भाकर. मी भीत भीत तुकडा मोडला. मोह म्हटलं की आम्हा नागपूरच्या बायकांना दारूच आठवते. सीताबाई हसायला लागली. "खाय वं बाई, चढत नाही. चढली तं अथीच झोप." पुरणाच्या जवळ जाणारी चव. दोन खाल्ल्या.

एक गोष्ट पाहून मी चाट पडले. इथं बाया नवऱ्याला नावानं हाक मारतात. सीताबाई अंगणातून सरळ ओरडली, "तुळशीराम, पानी आन गा!" आणि तो आणायला गेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे पाहायला लागले.

झाड

जेवण झाल्यावर तुळशीरामनं नाल्याकाठचं एक झाड दाखवलं. "गुरुजी, इथं बांधा. डुक्कर पान्यावर येते." आणि तो स्वतः शेजारच्या गावी लग्नाला निघून गेला. सीताबाईही गेली. घराची किल्ली नाही, कुलूप नाही, दार तसंच आमच्या हवाली.

संध्याकाळी आम्ही झाड पुन्हा नीट बघायला गेलो. ह्यांना ते पसंत पडेना. झुडपं फार, जनावर दिसायचं नाही. थोडं पुढं गेलो तर एक मोहाचं झाड लागलं, अहाहा! दोन माणसं उंचीवर खाटेसाठीच केल्यासारखी फांद्यांची दुबेळकी, आणि बुंध्याभोवती जमीन साफ. पालापाचोळा जळून गेलेला, काटक्या नाहीत, झाडलेल्या अंगणासारखी जागा.

"बघ," हे म्हणाले, "वणवा येऊन गेला. इथं उंदीर आला तरी दिसन. आन डुक्कर मोहं खाले येनारच."

"तुळशीरामनं तर दुसरं सांगितलं होतं."

"सरकारी झाड आहे. हे काय आन ते काय."

मलाही पटलं. मी कोण जंगलची जाणकार? मी फक्त फांदीची जाडी पाहिली, दोर दोनदा ओढून पाहिला. गाठी ह्यांनी मारल्या, मी तपासल्या. अशी लख्ख जागा कोणी झाडल्याशिवाय होते का, हा प्रश्न जिला रोज उठून अंगण झाडावं लागतं त्या बाईला पडायला हवा होता. नाही पडला.

पहाटे, तांबडं फुटायच्या जरा आधी, आम्ही वर चढलो. मी आधी, हे मागून. हे पुढं बसले, पाय खाली सोडून. मी मागं, पाय पोटाशी. दांडा अडकवला, पट्टा आवळला, बक्कल मी दोनदा चापसून पाहिलं. मग निवांत टेकले. हवेत चक्क गारवा होता. आणि सगळीकडं टप्, टप्. मोहाची फुलं गळत होती. पानावर, जमिनीवर, नवारीवर, माझ्या डोक्यावर. मण्यांएवढी, ओलसर, फिकट. एक ह्यांच्या कॉलरमधून आत गेलं तर ते शहारले आणि मला हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. हे पडणार नव्हते. माझ्या दृष्टीनं शिकार तिथंच झाली होती.

तेवढ्यात खालून खसखस आली.

ह्यांची पाठ ताठ झाली. झुंजूमुंजू होतं, सगळं राखेच्या रंगाचं. बुंध्याच्या पलीकडून काहीतरी काळं, वाकलेलं, जमिनीला लागून सरकत येत होतं. थोडं सरके, थांबे, तोंडानं काही उचलल्यासारखं करी, पुन्हा सरके. एकदा फुर्रकन आवाज केला. डुक्कर. मी ह्यांचा सदरा घट्ट धरला. ह्यांनी बाण दोरीला लावला. अगदी आमच्या खाली. इतक्या जवळून शाळेतलं पोरही चुकलं नसतं.

ह्यांनी धनुष्य उभं धरलं, हात मागं ओढला आणि खट्!

धनुष्याचं खालचं टोक दांड्यावर आपटलं. उभं राहावं तर कमरेला पट्टा. ह्यांनी धनुष्य तिरपं करायला पाहिलं, ते दांड्याखाली अडकलं, बाण दोरीवरून निसटला आणि नाकाखालून सरळ खाली पडला.

खालचं काळं उभं राहिलं. त्याला दोन हात होते. डोक्यावरची घोंगडी मागं सारत ते म्हणालं, "कोन हाय गा वरते?"

मी आयुष्यात बरेच आवाज ऐकलेत. त्या आवाजाइतका गोड ऐकला नाही. बाई बोलली! बोलली म्हणजे जिवंत आहे. माझा जीव भांड्यात पडला आणि मी ह्यांच्या पाठीवर कपाळ टेकून नुसतं "देवा, देवा" म्हणत राहिले.  ह्यांचं अंग हिवतापासारखं हलत होतं, आणि त्याबरोबर अख्खं खाटोलं.

"मुकं हाय का?" खालून आवाज आला. "माह्या झाडावर कायले चढले?"

"आम्ही... नागपूरचे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नागपुरात झाडं सरली का?"

मग तिनं जो तोफखाना सुरू केला तो उजाडेपर्यंत. नाव मंगलीबाई. गावातल्या शेवटच्या घरातली. हे झाड तिच्या सासूचं, सासूच्या सासूचं. जंगल सरकारचं असेल, पण प्रत्येक मोहाला घर असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बुंध्याखालचा पाला तिनंच जाळला, जागा तिनंच झाडली, फुलं मातीत जाऊ नयेत म्हणून. त्यात वरून आम्ही खाट पसरून बसलो आणि तिची फुलं अडवली!

"खाटेवरचे मोहं बी माहेच हाय," ती म्हणाली. "खाली टाका. सगडे."

आणि आम्ही टाकले. काय करणार? नवारीच्या विणीत अडकलेलं एकेक फूल मी काढत होते आणि हे खाली सोडत होते. माझ्या केसांतली काढली. ह्यांच्या सदऱ्यातलं ते एक काढलं. मंगलीबाई खाली टोपली धरून उभी, "तथी, फांदीच्या बाजूले, अजून दोन हाय," असं दाखवत. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, दोन्ही एकाच वेळी.

पट्ट्याचं बक्कल ह्यांना सोडता आलं नाही. बोटं चालत नव्हती. मी सोडलं. खाली उतरलो तेव्हा तांबडं वर आलं होतं आणि मंगलीबाई टोपलीजवळ बसली होती. हातात आमचा बाण. टोपलीला लागून जमिनीत रुतला होता तो तिनं उपटला होता. ती कधी बाणाच्या टोकाकडं पाही, कधी वर खाटेकडं, कधी स्वतः वाकून वेचत होती त्या जागेकडं. तिची बडबड बंद झाली होती. ती गप्प झाली तेव्हा मला खरी भीती वाटली.

"तुमाले मी डुक्कर वाटली," ती म्हणाली. रागानं नाही. हिशेब लागल्यासारखी.

हे तिच्या समोर जमिनीवर बसले. खालीच बसले, राखेत, पांढऱ्या धोतरासकट. म्हणाले, "हौ."

 वणवा वाटला, परवाना आहे, अंधार होता, एक सबब पुढं केली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडचा इतका खरा शब्द मी ऐकला नव्हता.

मंगलीबाईनं बाण त्यांच्यापुढं ठेवला. "रोज माही लेक येते," ती म्हणाली. "पहिलं बाळंतपन हाय तं माहेरी आली. ऐकत नाही, मोहं वेचाले पयले तीच येते. आज तिचे पाय सुजले. मी म्हनलं, झोप, मी जातो."

ह्यांनी तोंड दोन्ही हातांत धरलं. मी काय करू ते मला कळेना, म्हणून मी टोपली ओढली आणि फुलं वेचायला लागले. बाईच्या जातीला हे बरं असतं, हाताला काम सापडतं. थोड्या वेळानं मंगलीबाई माझ्या शेजारी येऊन वेचायला लागली. आणि मग हेही. ड्रिल मास्तर उकिडवे बसून एकेक फूल उचलत होते. मंगलीबाईनं पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"असं नाही गा गुरुजी, चिरडून राहिले तुमी. दोन बोटानं."

ऊन चढेपर्यंत तिच्या तीन टोपल्या भरल्या. तिच्या घरी गूळ घातलेला काळा चहा झाला, पितळी वाटीतून. मुलीला पाहायचं धैर्य ह्यांना झालं नाही, ते अंगणाबाहेरच बसले. ती आतून डोकावली, सोळा-सतराची असेल, पोट पुढं, पाय खरंच सुजलेले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तो फिरवतच राहिले. ती लाजून म्हणाली, "काय झालं वं बाई?" मी म्हटलं, "काही नाही झालं, बाळा. काही म्हणजे काही नाही झालं." हे वाक्य बोलताना माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

खाटोलं मंगलीबाईच्या नजरेत भरलं होतं. नवार चापसून म्हणाली, "मोहं वाळवाले चांगली हाय." ह्यांनी ते तिथंच तिच्या अंगणात उघडून ठेवलं, चार दगडांवर. मी एका शब्दानं अडवलं नाही. दांडा मात्र तिला नको होता. "हे कायले?" म्हणाली. कशाला ते मी तिला सांगितलं नाही. उपसून काढला आणि चुलीजवळ ठेवला.

परत

तुळशीराम लग्नाहून आला आणि त्याला सगळं कळलं. दुसऱ्याच्या मोहावर मचाण बांधणारे हे पहिलेच, असं म्हणून आधी हसला, मग बाणाचं ऐकल्यावर भिंतीला टेकून बसला. "तुमाले सांगाचंच राहून गेलं," असं पुन्हा पुन्हा म्हणाला. त्याला तरी कसं सुचणार? पाणी ओलं असतं हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीला वेळ होता, म्हणून आम्ही गावाच्या तोंडाशी, मंगलीबाईच्या घराजवळच्या चिंचेखाली वळकटीवर बसलो होतो. धनुष्य गवसणीत, दोरी उतरवलेली. हे आदल्या दिवसापासून फार कमी बोलत होते. मला काळजी वाटायला लागली होती. पडून हाड मोडलं तर प्लास्टर घालता येतं.

तेवढ्यात जंगलातून बाया परतायला लागल्या. मोहाच्या टोपल्या डोक्यावर, हसत, खिदळत. गावात गोष्ट लपते थोडीच! पहिली बाई आमच्यासमोर आली, थांबली, आणि टोपली सावरत ठसक्यात म्हणाली, "गुरुजी, मानूस हाय बरं का, मानूस!"

मागच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग दुसरी. "मानूस हाय, गुरुजी!" तिसरी म्हातारी होती, तिनं तर काठी आपटून सांगितलं, "मी बी मानूसच हाय बाप्पा, वाटत नसन तरी!" ह्यांचे कान लालभडक झाले. पण ते उठून उभे राहिले आणि येईल त्या बाईला हात जोडून वाकून नमस्कार करायला लागले. एकीला चुकवलं नाही. म्हातारीला नमस्कार करताना ह्यांना हसू फुटलं. कालपासूनचं पहिलं.

अंगणात मंगलीबाईची लेक खाटोल्यावर बसली होती. अर्ध्या खाटेवर मोह वाळत घातलेले, अर्ध्यावर ती, सुजलेले पाय वर घेऊन. बायांनी तिला चिडवायला सुरुवात केली, "तू बी सांग वं, तू बी सांग!" ती नको नको म्हणत होती. मंगलीबाई आतून ओरडली, "सांग ना, आता कायची लाज?"

गाडी आली. आम्ही चढायला लागलो तेव्हा ती खाटेवरून उठली, पदर सावरला, आणि तोंडावर हात धरून कसंबसं म्हणाली, "गुरुजी, मानूस हाय." मग एक हात पोटावर ठेवला. "दोन मानसं हावो."

बाया हसून लोटपोट झाल्या. ह्यांनी तिला हात जोडले, आणि मग गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्या गावादेखत, हे लहान मुलासारखे रडले. मी रडू दिलं. मीही रडले. गाडीवान मागं वळून म्हणाला, "काहून रडून राहिले गा, काई झालं का?"

"नाही," हे म्हणाले, "काही झालं नाही. हाक गाडी."